पंधरा कोरे हंगाम, दहा विजेतेपदं

मार्च महिना लागला की अमेरिकेत कचेऱ्यांपासून कॉलेजच्या कँटीनपर्यंत एकच कागद फिरू लागतो. 64 संघांची नावं, त्यांच्या जोड्या आणि प्रत्येक जोडीपुढे विजेता लिहायला एक रिकामी रेघ. कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा हा तक्ता. हरला तो घरी गेला. 63 सामने संपले की एक संघ उरतो. कोट्यवधी लोक पहिला चेंडू उडण्याआधीच हा तक्ता भरून मोकळे होतात. तो शेवटपर्यंत अचूक भरल्याची खात्रीलायक नोंद मात्र आजवर एकही नाही.

साहजिकच आहे. एका सामन्याचे निकाल दोन, तेव्हा 63 सामन्यांसाठी दोनाची 63 वेळा पट करायची. उत्तर येतं 92,23,37,20,36,85,47,75,808. आपल्या जुन्या मोजणीत एकं, दहं, शतं करत अब्ज, खर्व, निखर्व ओलांडले की अगदी शेवटी परार्ध येतो. हा आकडा त्या परार्धांत मोजला तरी 92 भरतो. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं करत गेलं तर चौसष्टाव्या घरात नेमके इतकेच दाणे पडतात. सेकंदाला एक तक्ता भरायला बसलात तर सगळे प्रकार संपायला 29,200 कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय 1,380 कोटी वर्षं धरतात. 2014 साली वॉरन बफे यांच्या पाठबळावर अचूक तक्त्याला 100 कोटी डॉलरचं बक्षीस लावलं होतं. बफे हिशोबाचे पक्के. त्यांच्या खिशातून दमडी गेली नाही. 2019 साली ओहायो राज्यातल्या एका माणसाचे पहिले 49 अंदाज ओळीने बरोबर आले, तर तेवढ्यावर त्याची देशभर बातमी झाली. पन्नासावा चुकला.

आणि याच स्पर्धेत एक काळ असा होता की विजेता कोण हे सांगायला डोकं लागत नसे.

1964 ते 1975 या बारा वर्षांत लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या विद्यापीठाने ही स्पर्धा दहा वेळा जिंकली. त्यातली 1967 ते 1973 ही सात वर्षं सलग. बारांपैकी दोनच वर्षं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली, 1966 आणि 1974. दहाही वेळा बाकावर तोच माणूस बसलेला असे: चष्मा, टाय, हातात गुंडाळलेला कार्यक्रमाचा कागद, दिसायला एखाद्या शाळेतला इंग्रजीचा मास्तर. तो खरोखरच इंग्रजीचा मास्तर होता. जॉन वुडन.

सलग सात किती मोठे, हे सातकडे बघून नाही, दुसऱ्या क्रमांकाकडे बघून कळतं. पुरुषांच्या या स्पर्धेत यूसीएलए सोडून आजवर कुणालाही सलग तीन विजेतेपदं जमलेली नाहीत. ड्यूकने दोन केली, फ्लोरिडाने दोन, अगदी अलीकडे 2023 आणि 2024 ला कनेटिकटने दोन. म्हणजे विक्रम सातचा आणि त्याच्या खालोखाल दोन! क्रिकेटमध्ये ब्रॅडमनची 99.94 ही सरासरी आणि तिच्यामागून साठीच्या आसपास घुटमळणारे बाकी थोर लोक, तसलाच हा मधला ओसाड पट्टा. आपल्याकडे साधारण त्याच काळात मुंबईने रणजी करंडक सलग पंधरा वेळा जिंकला होता, 1958-59 ते 1972-73. 1974 च्या मार्चमध्ये कर्नाटकाने उपांत्य सामन्यात मुंबईला थांबवलं, आणि त्याच मार्चमध्ये यूसीएलएही उपांत्य सामन्यातच हरलं, नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून, दोनदा जादा वेळ खेळून, 80-77. योगायोगच, पण लक्षात राहणारा.

आता थोडं गणित. त्या काळी स्पर्धेत 64 नव्हे, दोन डझनांच्या आसपास संघ असत आणि यूसीएलएला विजेतेपदासाठी चार सामने जिंकावे लागत. 1964 चे चार, 1965 चे चार, सात वर्षांचे अठ्ठावीस आणि 1974 मध्ये हरण्याआधीचे दोन, असे या बाद स्पर्धेतले 38 सामने यूसीएलएने ओळीने जिंकले. नाणं 38 वेळा उडवून प्रत्येक वेळी छापाच पडण्याची शक्यता साधारण 27,488 कोटींत एक.

पण नाण्याचा हिशोब इथे लावणं म्हणजे वाचकाला उगाच भुलवणं. यूसीएलए काही नाणं नव्हतं. तेव्हा खुद्द वुडन यांचंच प्रमाण घेऊ. यूसीएलएमधल्या 27 हंगामांत त्यांनी 620 सामने जिंकले, 147 हरले. म्हणजे शंभरात जवळजवळ 81 विजय. इतक्या जबरदस्त संघालाही सलग 88 सामने जिंकायची शक्यता किती? साडेतेरा कोटींत एक. आणि वुडन यांच्या संघाने 88 सामने सलग जिंकले. अशी मालिका होण्या-न होण्याची शक्यता निम्मी-निम्मी करायची असेल तर प्रत्येक सामना जिंकण्याची खात्री 99.2 टक्के असावी लागते. अठरा ते बावीस वयाची पोरं, परीक्षा, प्रेमप्रकरणं, मुरगळलेले घोटे, व्हिएतनामविरोधी मोर्चे, आणि 99.2 टक्के.

या मालिकेची दोन्ही टोकं एकाच गावात आहेत. 23 जानेवारी 1971 ला इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड इथे नोटर डेम विद्यापीठाने यूसीएलएला 89-82 असं हरवलं. त्यांच्या ऑस्टिन कारने एकट्याने 46 गुण केले. त्यानंतर यूसीएलए हरलं ते थेट 19 जानेवारी 1974 ला. तीन वर्षांना चार दिवस कमी. हरलं तेही साउथ बेंडमध्येच, नोटर डेमकडूनच, 71-70. साडेतीन मिनिटं उरली होती तेव्हा यूसीएलए 11 गुणांनी पुढे होतं. शेवटचे बारा गुण ओळीने नोटर डेमने केले. मधे 60 विजयांचा जुना विक्रम मोडणारा एकसष्टावा विजयही 1973 च्या जानेवारीत याच मैदानावरचा. आणि साउथ बेंड म्हणजे तेच गाव, जिथल्या हायस्कूलमध्ये वुडन यांनी नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि संध्याकाळी पोरांना बास्केटबॉल. कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

त्या वर्षांतले सुटे आकडेही असेच चक्रावणारे. 1964, 1967, 1972 आणि 1973, चार हंगाम 30 विजय, शून्य पराभव. 1971-72 मध्ये सरासरी विजय 30.3 गुणांनी, म्हणजे समोरचा संघ उत्तरार्धात नुसता घड्याळाकडे बघत असणार. पॉली पॅव्हिलियन या घरच्या मैदानावर वुडन यांचे 149 विजय, दोन पराभव. ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल जब्बार, यूसीएलएच्या मुख्य संघाकडून तीन हंगाम खेळले; 88 विजय, दोन पराभव. त्या दोनांतला एक तर 52,693 लोकांसमोर झाला. 20 जानेवारी 1968, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम हे छत असलेलं बेसबॉलचं स्टेडियम, मधोमध आणून अंथरलेलं लाकडी मैदान. अल्सिंडरच्या डोळ्याच्या बुबुळाला आठवडाभर आधी ओरखडा बसलेला. ह्यूस्टन विद्यापीठ 71-69 ने जिंकलं. दोन महिन्यांनी उपांत्य सामन्यात हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. यूसीएलए 101, ह्यूस्टन 69.

या सगळ्यांत माझा लाडका आकडा 22 चा आहे. 1973 चा अंतिम सामना, सेंट लुइस, समोर मेम्फिस स्टेट. यूसीएलएच्या बिल वॉल्टनने बास्केटवर 22 वेळा चेंडू टाकला. 21 वेळा आत गेला. एकूण 44 गुण. बास्केटबॉलमध्ये निम्मे फटके आत गेले तरी खेळाडू खुशीत घरी जातो. शिवाय त्या वर्षांत कॉलेजच्या सामन्यांत चेंडू वरून हाताने कोंबायला, डंक करायला बंदी होती. ते 21 साधेसरळ, बोटांनी आणि फळीच्या आधाराने टाकलेले होते.

हे आकडे चमत्कारासारखे वाटतात ते आपण मोजायला 1964 पासून सुरुवात करतो म्हणून. वुडन यूसीएलएत आले 1948 साली. म्हणजे पहिलं विजेतेपद सोळाव्या हंगामात. आधीचे पंधरा हंगाम राष्ट्रीय विजेतेपदाचा रकाना कोरा.

खरं तर त्यांना लॉस एंजेलिसला यायचंच नव्हतं. मन मिनेसोटाकडे होतं. ठरलेल्या वेळी मिनेसोटाचा फोन यायचा होता, तो हिमवादळामुळे वेळेत लागला नाही. दरम्यान यूसीएलएचा लागला आणि वुडन यांनी होकार देऊन टाकला. तासाभराने मिनेसोटाचा आला. पण शब्द दिला होता. पगार वर्षाला 6,000 डॉलर. मैदान म्हणजे पुरुषांच्या व्यायामशाळेचा तिसरा मजला, प्रेक्षक मावणार जेमतेम अडीच हजार. एका बाजूला कुस्तीवाले, दुसऱ्या बाजूला जिम्नॅस्टिक्सवाले, आणि त्यांच्या हातांची खडूची भुकटी मैदानभर पसरलेली. सरावाआधी वुडन स्वतः झाडू घेऊन लाकडी जमीन झाडायचे, मग ओलं फडकं फिरवायचे. ही व्यवस्था सतरा वर्षं चालली. पॉली पॅव्हिलियन उघडलं 1965 मध्ये, तोवर दोन विजेतेपदं घरात आली होती.

मागे गेलं की आकडे आणखी लहान होतात. जन्म 14 ऑक्टोबर 1910, इंडियानातलं खेडं, शेतकरी कुटुंब. टोमॅटोची टोपली बुड काढून खळ्यात ठोकलेली, चिंध्या भरलेला मोजा हा चेंडू. पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळताना तीन वेळा अखिल अमेरिकी संघात निवड. 1932 च्या ऑगस्टमध्ये लग्न ठरलं आणि तोंडावर बँक बुडाली. आयुष्यभराची शिल्लक गेली, 909 डॉलर आणि पाच सेंट. केंटकीतल्या शाळेत प्रशिक्षक म्हणून पहिला हंगाम 6 विजय, 11 पराभव. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला तो त्यांच्या कारकिर्दीतला एकमेव हंगाम. शनिवार-रविवार व्यावसायिक संघाकडून खेळून वरकमाई करत. त्यात एकदा 46 सामन्यांत मिळून 134 फ्री थ्रो न चुकता टाकले.

एक आकडा मात्र ‘एक’च आहे, आणि तो मला 88 पेक्षा वजनदार वाटतो. 1947 साली वुडन इंडियाना स्टेटचे प्रशिक्षक असताना त्यांच्या संघाला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं. अट अशी की कृष्णवर्णीय खेळाडू चालणार नाहीत. संघात एकच होता, क्लॅरेन्स वॉकर, तोही राखीव फळीतला. वुडन यांनी बोलावणं परत पाठवलं. पुढच्या वर्षी अट निघाली, संघ गेला, वॉकर खेळला. त्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

मग 1964 साली असं काय झालं? उंची वाढली म्हणाल तर नाही. त्या संघातल्या पहिल्या पाचांत साडेसहा फुटांचाही कुणी नव्हता. बदल होता तो सबंध मैदानभर समोरच्याला कोंडून धरण्याचा, झोन प्रेसचा. त्याचा आग्रह जेरी नॉर्मन या सहायकाने धरला होता, हे वुडनभक्त पटकन सांगत नाहीत. 1968 ला ह्यूस्टनला 32 गुणांनी चिरडणारी बचावाची खास रचनाही त्याच्याच डोक्यातली.

बाकी बरंचसं आधीचंच होतं. कसं, ते बघायला मोजा उचलावा लागतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी, देशातून वेचून आणलेली सात-सात फुटी पोरं बाकावर बसलेली असत आणि वुडन पायमोजे कसे घालायचे ते दाखवत. बोटांवरून मोजा ताणायचा, टाचेला चुणी राहिली का हात फिरवून बघायचं, मग बुटाची नाडी प्रत्येक भोकापाशी वेगळी आवळायची. चुणी राहिली की फोड, फोड आला की सराव बुडाला, सराव बुडाला की सामना. अल्सिंडर असो की शेवटचा राखीव, सुटका नाही. पोरं सुरुवातीला एकमेकांकडे बघून हसत, असं त्यांनीच पुढे सांगितलंय.

दोन तासांचा सराव तीन बाय पाच इंचांच्या कार्डावर मिनिटामिनिटाने मांडलेला असे: कुठल्या कोपऱ्यात कोण, किती मिनिटं, चेंडू किती. ती मांडणी करायला सहायकांबरोबर सकाळी जवळपास तेवढाच वेळ जाई. 1974-75 च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ प्रेक्षकांच्या बाकावर वही घेऊन बसले. पंधरा सराव पाहिले आणि वुडन यांच्या तोंडून निघालेलं शिकवणुकीचं प्रत्येक वाक्य एका खणात टाकत गेले. एकूण 2,326. सरावामागे 155, मिनिटाला एकाहून जास्त. कौतुक 6.9 टक्के, नापसंती 6.6 टक्के. उरलेल्याचा मोठा भाग नुसती माहिती: असं नको, असं, पाय इथे, चेंडू लवकर सोड. लांबलचक भाषण नाही, ‘आपल्याला जिंकायचंय’ वगैरे तर नाहीच. आपल्याकडच्या सिनेमांतले प्रशिक्षक मध्यंतरात जे डोळ्यांत पाणी आणणारं बोलतात, त्याला या वहीत खणच नव्हता.

27 हंगाम, हंगामात शंभराच्या आतबाहेर सराव आणि सरावाला 155 सूचना. ढोबळ गुणाकार केला तर चार लाखांच्या पुढे जातो. मला 88 विजयांपेक्षा हा आकडा जास्त पटतो, कारण तो कसा झाला ते दिसतं.

कारकीर्द धुतल्या तांदळासारखी होती असं मात्र म्हणवत नाही. सॅम गिल्बर्ट नावाचा लॉस एंजेलिसचा धनिक बांधकामवाला त्या वर्षांत खेळाडूंचा पाठीराखा म्हणून वावरत होता. सवलती, भेटवस्तू, नियमात न बसणारी मदत यांच्या बातम्या पुढे वर्तमानपत्रांत आल्या. 1981 साली राष्ट्रीय संघटनेने यूसीएलएला शिक्षाही केली, पण ती वुडन निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षांबद्दल. वुडन यांच्यावर कधी कारवाई झाली नाही. त्यांना ठाऊक किती होतं, डोळेझाक किती होती, यावर अजून वाद होतात. शिवाय स्पर्धेत संघ कमी होते, पश्चिम विभागातून वर येणं तुलनेने सोपं होतं, हेही खरंच. पण ही सूट सगळी वजा केली तरी दोन आणि सात यांतलं अंतर भरून निघत नाही.

एकूण विजयांत त्यांना पुष्कळांनी मागे टाकलंय. वुडन यांचे कॉलेजमधले विजय 664. टेनेसीच्या महिला संघाच्या पॅट समिट यांचे 1,098; त्यांनी महिन्याला 250 डॉलरवर सुरुवात केली होती आणि खेळाडूंचे गणवेश स्वतः धुतले होते. ड्यूकचे माइक शशेफ्स्की 1,202 वर थांबले. कनेटिकटच्या महिला संघाचे जीनो ऑरिएमा 1,200 ओलांडून पुढे गेलेत, आणि 111 सलग विजयांची त्यांची मालिका 88 च्याही पुढची.

पैशाचं विचारू नका. 1948 चे 6,000 डॉलर महागाई धरून आजचे पाऊण लाखाच्या आसपास. शेवटच्या वर्षीही वुडन यांचा पगार पन्नास हजारांच्या आतच होता. 2019 साली केंटकी विद्यापीठाने जॉन कॅलिपारी यांच्याशी करार केला तो दहा वर्षांचा, 8.6 कोटी डॉलरचा. 6,000 च्या चौदाशेपट पगार, दरसाल. स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क तर आता वर्षाला 100 कोटी डॉलरहून जास्त आणतात. त्यातून खेळणाऱ्या पोरांना अगदी परवापर्यंत शिष्यवृत्ती आणि वर थोडा खर्च, एवढंच मिळत होतं. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

29 मार्च 1975 ला सॅन डिएगोमध्ये यूसीएलएने उपांत्य सामना लुइव्हिलविरुद्ध जादा वेळेत एका गुणाने जिंकला. लुइव्हिलचा प्रशिक्षक डेनी क्रम हा वुडन यांचाच जुना खेळाडू आणि सहायक. सामन्यानंतर कपड्यांच्या खोलीत वुडन यांनी पोरांना सांगून टाकलं की पुढचा सामना आपला शेवटचा. दोन दिवसांनी केंटकीला 92-85 ने हरवून दहावं विजेतेपद आलं. मैदानातून बाहेर पडताना यूसीएलएचा एक जुना हितचिंतक पुढे आला, अशी गोष्ट वुडन पुढे कित्येकदा हसत सांगत. त्याने हात हातात घेतला, अभिनंदन केलं, आणि म्हणाला की गेल्या वर्षी तुम्ही आम्हाला निराश केलंत, त्याची भरपाई झाली.